पाठीप्रमाणे खोगीर

गावठी तट्टाच्या पाठीवर तयार खोगीर बसत नाही. चिखली-मेहकर पट्ट्यात ज्यांच्या दारी अजून असे एखादे तट्टू बांधलेले आहे, त्यांना हे सांगायला नको. मोबाइलवरून चामड्याचे खोगीर मागवावे, हौसेने तट्टावर चढवावे, तंग आवळावा, आणि पांदीने शेतापर्यंत जाऊन येईस्तोवर ते पुढे सरकून मानेशी आलेले असते, नाहीतर एका कुशीवर कललेले. तंग आणखी आवळला की तट्टू कान मागे टाकते, पोट फुगवून उभे राहते, आणि चार-आठ दिवसांत खांद्याजवळचे केस उडालेले दिसतात. मग घरात-दारात एकच मत पडते: या तट्टाची पाठच अवघड.

पाठीकडे नीट पाहिले तर काय दिसते? आपले तट्टू साधारण १३० सेंटिमीटर उंचीचे, त्याच्या आत-बाहेर. पाठ आखूड, बरगड्या गोल. मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांच्या मधे घोड्याला जो उंचवटा असतो, तो याला बसका. तंगाची नैसर्गिक जागा पुढच्या पायांच्या अगदी मागे, त्यामुळे तंग पुढे जातो आणि खोगिराला ओढत नेतो. विलायती धाटणीचे खोगीर बेतलेले असते १६० सेंटिमीटरच्या घोड्यासाठी. त्याचा उंचवटा चांगला वर आलेला, पाठ लांब, आणि तो उंचवटाच खोगिराला इकडे-तिकडे सरकू देत नाही. आपल्या तट्टावर ते ठेवणे म्हणजे पिंपावर पाट ठेवण्यासारखे आहे. शिवाय लांबी. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात, आणि खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या पुढेच थांबायला हवा, कारण तिच्या मागे कमरेला खालून आधार नाही. मोठ्या माणसाच्या बैठकीचे सतरा इंची खोगीर आखूड पाठीवर ठेवले की ते सरळ कमरेवर जाते.

म्हणजे दोष मापांचा आहे. आणि तरीही पाठीलाच नाव ठेवले जाते, याचे मला वाईट वाटते. कारण याच मुलखातल्या माणसांनी याच पाठींवर बसून निम्मा हिंदुस्थान पालथा घातला. त्यांचे खोगीर होते तरी कसे, कोण करत होते, आणि ते गेले कुठे, याचा माग काढायला चिखलीसारखी जागा नाही. दक्षिणेला सिंदखेडराजा, आग्नेयेला साखरखेर्डा, पूर्वेला मेहकर, पश्चिमेला जाफराबादकडे असई. घोड्यांच्या टापांनी तुडवलेला हा सगळा प्रदेश एका दिवसाच्या घोडदौडीत येतो.

दख्खनमध्ये घोडा दोन वाटांनी आला. एक वाट समुद्राची. अरबस्तान-इराणचे घोडे चौल, दाभोळच्या बंदरांत उतरत आणि घाट चढून सुलतानांच्या पागांत जात. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला पोचला, तेव्हा तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला. मध्यस्थी झाली म्हणून तो परत मिळाला. एका घोड्यासाठी सुभ्याच्या अधिकाऱ्याने हात घालावा, एवढी त्याची किंमत होती. असा घोडा सरदाराच्या दारी शोभायचा. दुसरी वाट जमिनीवरची. भीमेच्या, नीरेच्या काठी धनगरांच्या वाड्यांवर वाढणारे, कडब्यावर आणि माळाच्या गवतावर जगणारे तट्टू. समुद्रमार्गे आलेल्या घोड्यांचे रक्त पिढ्यानपिढ्या त्यात मिसळत गेले, पण अंगकाठी इथल्या माळाने ठरवली. भीमथडी तट्टू ते हेच. वऱ्हाडात त्याचे भाऊबंद होतेच. इथल्या हटकरांना जुने इंग्रज अधिकारी ‘भालेवाले धनगर’ म्हणून ओळखत, आणि ते स्वतःला बारगी धनगर म्हणवत.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीच्या मलिक अंबरने या तट्टांची खरी किंमत ओळखली. मोगलांच्या भारी फौजेसमोर उभे न राहता तिच्या रसदेवर तुटून पडायचे आणि डोंगरात नाहीसे व्हायचे, ही लढाई उंच अरबी घोड्याची नव्हे, तट्टाची. सिंदखेडचे लखुजी जाधव याच निजामशाहीचे मातब्बर सरदार. १६२९ मध्ये दौलताबादला दगाफटक्याने त्यांचा खून झाला. त्यांची लेक जिजाबाई. पुढे शिवाजी महाराजांच्या घोडदळाची जी बांधणी झाली, तिचे धडे सिंदखेड आणि दौलताबादच्या या टापूत आधीच गिरवले गेले होते.

राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत पागेची मांडणी आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल यांची सोय सरकारी. खोगीर शिवणाऱ्याला या हिशेबात जागा नाही. मला वाटते, त्याचे कारण साधे आहे: खोगिराची रोजची डागडुजी स्वाराच्या हातची होती. ते कापड आणि लोकर यांचे होते. सुई-सुतळी जवळ असलेला कोणीही ते उसवून पुन्हा भरू शकत होता.

या खोगिराची रचना पाहू. सर्वांत खाली, घोड्याच्या अंगाला लागून, जाड बुरणूस किंवा घोंगडीची घडी. त्यावर खोगीर: जाड कापडाच्या किंवा किरमिजाच्या पिशव्यांत लोकर, कापूस, कधी नुसते गवत ठासून केलेल्या दोन लांबट गाद्या, मधे शिवणीची जागा सोडून एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे एक गादी कण्याच्या या अंगाला आणि दुसरी त्या अंगाला. लाकडाचा सांगाडा साध्या खोगिरात नसे. वर रंगीत कापडाचा चारजामा, पोटाखालून सुती पट्टीचा रुंद तंग, शेपटीखालून दुमची, जी खोगिराला पुढे सरकू देत नाही. रिकिबी दोरीने किंवा चामड्याच्या पट्टीने लटकवलेल्या. सरदाराच्या घोड्यावर लाकडी सांगाड्याचे, चामड्या-मखमलीने मढवलेले जीन असे. शिलेदाराच्या तट्टावर बहुधा खोगीर.

दुमची हा यातला लहानसा पण महत्त्वाचा भाग. बसक्या उंचवट्याच्या आणि गोल बरगड्यांच्या जनावरावर खोगीर पुढे जाणारच, हे गृहीत धरून केलेली ती सोय आहे. आज तयार खोगिराबरोबर दुमची येत नाही, आली तरी घोडेवाले ती शोभेची समजून काढून टाकतात. वरातीच्या घोडीला मात्र ती गोंड्या-आरशांसकट उरली आहे, आणि नकळत आपले जुने काम करते आहे.

एका खोगिरामागे तीन धंदे उभे होते. लोकर धनगराची. दख्खनी मेंढीची लोकर राठ, अंगावर टोचणारी, तिचे मऊ कापड होत नाही. पण खोगिराला हा राठपणाच हवा, कारण ती दबली तरी पुन्हा उसळते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पिऊनही हाताला ओली लागत नाही. घोड्याचा घाम ती आत घेते आणि कातडी कोरडी ठेवते. दुसरा धंदा पिंजाऱ्याचा. तो धनुकलीने लोकर पिंजून, पाणी शिंपडून, लाटून, दाबून बुरणूस करायचा. विणकाम नाही, तंतू एकमेकांत गुंतून होणारी ती जाड चादर. तिसरा धंदा जिनगराचा. जीन आणि खोगीर शिवणारा हा कारागीर. पागा असलेल्या गावांत त्याची घरे असत. खोगीर कुठे फुगवायचे, कुठे पोकळ सोडायचे हे त्याच्या हाताला ठाऊक.

गावठी तट्टाची पाठ या लोकांना अवघड वाटत नव्हती, याचे मर्म इथे आहे. भरतीचे खोगीर पाठीवर बसवले की पाठीचा आकार घेते. आणि पाठीचा आकार वर्षभर एक नसतो. भाद्रपदात हिरवे गवत खाऊन तट्टू भरते, पाठ पसरट होते. चैत्र-वैशाखात कडबाही संपत आला की कणा वर येतो, दोन्ही बाजूंना खळगे पडतात. मोहिमेवर तर हा फरक महिन्याभरात पडायचा. लोकरीचे खोगीर उसवले, दोन मुठी लोकर घातली किंवा काढली, की पुन्हा बसले. सांगाड्याच्या खोगिराला हे जमत नाही. त्याचा सांगाडा एकाच मापाचा असतो.

शिलेदाराला तर हे जपणे भागच होते. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा गेला तर त्याची चाकरीच गेली. पाठ लागलेला घोडा, म्हणजे खोगिराने पाठ सोललेला, महिना-दीड महिना बसून खायचा. १७४१ नंतरच्या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांचे स्वार वऱ्हाड-नागपूरहून बंगालवर पुन्हा पुन्हा चालून गेले; १७५८ मध्ये राघोबादादांच्या फौजा अटकेला पोचल्या. एवढ्या लांबच्या मजला रोज पाठ तपासल्याशिवाय होत नाहीत. पराक्रमाच्या गोष्टीत हा रोजचा कामाचा भाग कधी येत नाही. संध्याकाळी तळ पडला की खोगीर लगेच न काढता तंग सैल करून थोडा वेळ तसेच ठेवायचे, म्हणजे दबलेल्या कातडीत रक्त एकदम धावून सूज येत नाही. मग काढून पाठीवरून हात फिरवायचा. गरम लागले, तट्टू दबकले, की त्या जागेची लोकर उद्या कमी करायची. हा नियम आज घोड्यांच्या दवाखान्यातही सांगतात.

भरतीचे खोगीर निर्दोष होते असे मात्र मी म्हणणार नाही. सांगाडा नसल्यामुळे स्वाराचे सगळे वजन त्याच्या बैठकीच्या दोन हाडांखाली एकवटते. भरती दबून सपाट झाली, मधली शिवण सैल पडली, की दोन गाद्या एकत्र येतात आणि कण्यावरच भार पडतो. आळशी स्वाराच्या तट्टाची पाठ या खोगिरानेही फाटायची. ते खोगीर माणसाकडून रोज काम मागत होते. काम झाले तर त्याच्यासारखे दुसरे नाही.

अशा खोगिरांवरचे स्वार आपल्या भागाने पुष्कळ पाहिले. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्क आणि मोगल सुभेदार मुबारिझखान समोरासमोर आले. बाजीराव पेशव्यांचे स्वार निजामाच्या बाजूला होते. मुबारिझखान पडला, निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले, आणि हैदराबादच्या राज्याचा पाया इथे घातला गेला. १७६९ मध्ये नागपूरकर भोसल्यांना वठणीवर आणायला निघालेले थोरले माधवराव मेहकरला तळ देऊन होते. २३ सप्टेंबर १८०३ ला असईत इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवले. त्या दिवशी वेलस्लीच्या दोन घोड्यांवर घाव बसले. त्यातल्या डायोमीड नावाच्या अरबी घोड्याच्या छातीत भाला घुसला, तो पुढे वाचला. या लढाईत भार होता तो तोफांचा आणि कवायती पायदळाचा. त्यानंतर दहा-पंधरा वर्षे पेंढाऱ्यांची तट्टे या वाटांनी धावत राहिली, आणि १८१८ नंतर तीही थांबली.

लढाया थांबल्या तरी खोगीर थांबले नाही. निजामाच्या चाकरीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज उभी राहिली, ती हैदराबाद कंटिंजंट. जालना, औरंगाबाद, हिंगोली, एलिचपूर, मोमिनाबाद या तिच्या छावण्या. तिचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचेच: स्वाराने आपला घोडा आणि साज आणायचा. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे तोडून दिला, तो या फौजेच्याच खर्चापोटी. म्हणजे आपला जिल्हा इंग्रजी अमलाखाली गेला, त्यामागे शिलेदारांच्या घोड्यांचा दाणा-चाराही होता.

याच काळात सैन्याचे खोगीर बदलत होते. युरोपातल्या फौजांना हजारो घोड्यांसाठी एकसारखे, कारखान्यात होणारे खोगीर हवे होते. कानपूरला १८६० च्या दशकात सरकारी हार्नेस आणि सॅडलरी फॅक्टरी निघाली. पुढे कूपर ॲलन कंपनीसारखे मोठे खाजगी कारखाने आले. कातडी मुबलक, बाभळीची साल मुबलक, गिऱ्हाईक सरकार. पण एका मापाचे खोगीर आले तशा पाठीच्या जखमाही आल्या. फ्रेडरिक स्मिथ या लष्करी पशुवैद्याने १८९१ मध्ये खोगिरे आणि सोललेल्या पाठी या विषयावर इंग्रजीत आख्खे पुस्तकच लिहिले. कण्यावर भार नको, खांद्याचे हाड मोकळे फिरले पाहिजे, कमरेवर काही टेकता कामा नये, हे त्याने सैन्याला समजावले. इथल्या जिनगराला यात नवे काय वाटले असते? त्याची गादी हेच नियम पाळून शिवली जात होती.

त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झाले आणि तीन वर्षांत इंग्रजांचे तीन लाखांहून जास्त घोडे मेले. उपासमार, रोगराई, अतिश्रम अशी पुष्कळ कारणे होती, पण लागलेल्या पाठींचा वाटाही त्यात होता. इंग्रजी सैन्याचे जे ‘युनिव्हर्सल पॅटर्न’ खोगीर तोवर चालत होते, त्यात सुधारणा होत होत १९१२ चा नमुना आला. त्यात बाजूच्या दोन फळ्या कमानींना बिजागरीसारख्या जोडल्या, म्हणजे पाठीच्या उतारानुसार त्या आपोआप कलतात. आणि खाली घडी घातलेले लोकरीचे ब्लँकेट. घोडा वाळला की एक घडी जास्त. पोलादाच्या खोगिरालाही शेवटी लोकरीच्या घडीवर यावे लागले. खोगिराखालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची गादी, तर इंग्रज स्वारांनी हिंदुस्थानातच उचलला आणि तो नावासकट विलायतेला गेला.

१९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजी हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली, तिच्या एका रिसाल्याचे नाव विसावे डेक्कन हॉर्स झाले. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर हाय वूडपाशी या रिसाल्याने भाले रोखून घोडे घातले. समोर मशिनगन होत्या. पहिल्या महायुद्धानंतर १९२१ च्या फेररचनेत शिलेदारी पद्धतच मोडली, आणि पुढच्या वीस वर्षांत घोड्यांच्या जागी रणगाडे आले.

गावातले खोगीर कशाने गेले? रस्ते आणि रेल्वेने. रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. दोन गोण्या दोन बाजूंना, कणा मोकळा, तेच तत्त्व. १८७० मध्ये खामगावला आगगाडी पोचली आणि तांड्यांची ती वाट आटली. तट्टू मात्र टिकून राहिले, कारण पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांनी चिखलीच्या बाजाराला यायला दुसरे साधन नव्हते. व्यापारी, वैद्य, पाटील, तालुक्याला जाणारा कुलकर्णी तट्टावरच जात. पक्की सडक आली, मोटार आली, मग सायकल आली, आणि तट्टू दारातून गेले.

जिनगरांनी तोवर दुसरे मार्ग धरले होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्याच्या गॅझेटियरात त्यांच्या कामांची नोंद आहे, ती वाचताना मन भरून येते: धातूचे ओतकाम, दगडी आणि लाकडी कोरीवकाम, चित्रे, मातीच्या मूर्ती, पेट्या-कुलपांची आणि घड्याळांची दुरुस्ती. पुढे पुस्तकबांधणी. ज्या हातांना पाठीचा आकार नुसत्या स्पर्शाने कळत होता, त्या हातांनी पोटासाठी जे पुढे आले ते शिकून घेतले. त्यांच्याबरोबर खोगिराची विद्या गेली, कारण ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती. पिंजारी गाद्या-रजयांकडे वळला. बुरणूस आता क्वचितच कुठे दिसतो. धनगराने मेंढी सोडली नाही, पण त्याच्या राठ लोकरीला भाव येत नाही. कातरणीचा खर्चही न निघाल्याने ती फेकून द्यावी लागते, असे धनगर बोलून दाखवतात.

आता आपल्या भागात घोडा उरला तो मुख्यतः वरातीला. लग्नसराईत चिखलीजवळच्या एका घोडेवाल्याने मला त्याच्या घोडीचा साज उतरवून दाखवला. वर मखमल, जर, प्लास्टिकचे मोती. खाली पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेला लाकडी सांगाडा, त्याखाली गोणपाट. घोडी तपकिरी, आणि खांद्याच्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढे दोन पांढरे डाग. सततच्या दाबाने केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि नवे केस पांढरे येतात. “एकडाव पांढरं पडलं का मंग ते काई काळं होत नाई भाऊ,” तो म्हणाला. पण त्यानेच पुढे जी वस्तू दाखवली ती मी विसरणार नाही. जुन्या गोधडीची चौपदरी घडी, आणि डागांच्या बरोबर जागी त्या घडीला गोल भोके पाडलेली, कडा टिपलेल्या. सांगाडा टेकतो तिथे पोकळी, आजूबाजूला आधार. ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती, निदान त्याला आठवत नव्हते. ही अगदी जिनगराची युक्ती आहे. त्याच्या घोडीला जखम नव्हती, फक्त डाग होते, आणि ते या गोधडीच्या आधीचे होते.

कानपूर आजही खोगिरे करते. तिथल्या सॅडलरीला भौगोलिक मानांकन आहे आणि माल जगभर जातो. पण बहुतेक मापे परदेशी घोड्यांची. कारागीर उत्तम, चामडे उत्तम, तरी आपल्या तट्टाला ते बसत नाही. खरेदी करताना लोक नेहमी बैठकीचा आकार विचारतात, म्हणजे माणसाच्या मापाचा. विचारायला हवी सांगाड्याची रुंदी आणि खालच्या गाद्यांची लांबी. अरुंद सांगाडा पाठीला बोचतो म्हणून खाली आणखी जाड गादी घालणे ही सर्वांत मोठी चूक. त्याने जागा आणखी अरुंद होते आणि दाब वाढतो. रुंद सांगाडा घेऊन खाली लोकर भरता येते, अरुंद सांगाडा रुंद करता येत नाही.

माप घेणे अवघड नाही. वायरमनकडची जाड ॲल्युमिनियमची तार हातभर घ्यावी. तट्टू सपाट जागी, मान सरळ ठेवून उभे करावे. खांद्याच्या हाडाच्या मागे दोन बोटे सोडून तार पाठीवर आडवी वाकवून बसवावी, हलकेच उचलावी, आणि पुठ्ठ्यावर ठेवून आतल्या बाजूने रेघ ओढावी. अशाच दोन रेघा आणखी: एक पाठीच्या मध्यावर, एक शेवटच्या बरगडीवर. बाजूला तारीख लिहावी. या तीन रेघा ज्याच्याकडे आहेत, तो कानपूरला फोन करून नेमके बोलू शकतो, किंवा गावातच खोगीर शिवून घेऊ शकतो. वर्षातून दोनदा माप घ्यावे, पोळ्याच्या सुमारास आणि चैत्रात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे लोणी-हळदीने चोळून शेकतो. जुवाने खांद्याला काय सोसावे लागते हे आपल्याला माहीत आहे म्हणून. तट्टाच्या पाठीलाही त्या दिवशी तार लावायला हरकत नाही.

वजनाचा विचारही करावा. स्वार आणि साज मिळून जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावे, असे अश्ववैद्य सांगतात. सव्वादोनशे किलोच्या तट्टाला म्हणजे पंचेचाळीस किलो. मुलांना ते शोभते, हलक्या अंगाच्या माणसाला थोडा वेळ चालते. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाने कितीही नामी खोगीर आणले तरी पाठीला ते पेलणार नाही.

कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून अलीकडे मान्यता दिली, याचा मला फार आनंद झाला. मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी यांच्या ओळीत आता आपले तट्टू बसले. ते टिकले धनगरांमुळे. वाड्याचा सगळा संसार, भांडी, कोकरे, कोंबड्या त्याच्या पाठीवर लादून ते वर्षानुवर्षे चालत राहिले. आता त्याच्यावर बसणारे वाढतील, शाळकरी मुले रपेट शिकतील, तसे खोगीरही लागेल. ते इथेच झाले पाहिजे, आणि होऊ शकते. बारामती-दौंडकडच्या शंभर तट्टांच्या आणि आपल्या वऱ्हाडातल्या शंभर तट्टांच्या पाठींच्या तारेच्या रेघा कुणी एकत्र केल्या, एखाद्या पशुवैद्यक महाविद्यालयाने किंवा घोडेपाळांच्या संघटनेने, तर कानपूरच्या कारागिरासमोर ठेवायला दख्खनी माप तयार होईल.

तोवर ज्याच्या दारी तट्टू आहे त्याने चिखलीतच सुरुवात करावी. धनगराकडून दोन किलो लोकर, धुऊन, उन्हात वाळवून. गादीवाल्याकडून ती पिंजून घ्यावी. त्याला आश्चर्य वाटेल, पण यंत्र तेच आहे. जाड कॅनव्हासच्या दोन लांबट पिशव्या, मधे चार बोटांचे अंतर सोडून वरून रुंद पट्ट्याने जोडलेल्या. दाभण, मेणाची सुतळी. भरताना गोळे होऊ द्यायचे नाहीत, लोकर पदर-पदर करून घालायची, खांद्याकडे कमी, मध्यावर जास्त. मग तट्टावर ठेवून, दुमची लावून, हलके मूल बसवून अर्धा तास चालवायचे, आणि काढल्यावर पाठीवरचा घाम बघायचा. दोन्ही बाजूंना सारखी ओल असेल तर खोगीर बसले. ओल्याच्या मधे कोरडा पट्टा दिसला तर तिथे दाब जास्त आहे, घामाला वाटच मिळालेली नाही. त्या जागेची शिवण उसवायची आणि मूठभर लोकर काढायची.